वरच्या मजल्याला मी दिसेनासा झालो तेव्हा

मित्रांनो, अमरावतीहून नांदगाव पेठकडे जाणाऱ्या रस्त्याला एक दुमजली घर आहे. त्या घराच्या बैठकीत, खिडकीजवळच्या लोखंडी टेबलावर माझा मुक्काम असतो. मी एक जुना संगणक आहे. माझ्या पेटीचा काळा रंग कडेने उडाला आहे. कळफलकावरची काही अक्षरं बोटांनी पुसून गेली आहेत. सकाळी बटण दाबल्यावर मला नीट जागं व्हायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागतो. तरीही माझं बरं चाललं आहे. ते कोणाकोणामुळे चाललं आहे, हेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

बारा वर्षांपूर्वी राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात माझा जन्म झाला. जन्म म्हणजे काय, तर एकाने पेटी आणली, दुसऱ्याने पंखा बसवला आणि कुठल्या तरी तिसऱ्याच खोक्यातून माझी स्मृती निघाली. दिवाळीच्या आधी मनोजने मला दुचाकीवर मांडीत धरून घरी आणलं. तेव्हा तो कॉलेजात शिकत होता. गाडी चालवत होते त्याचे थोरले भाऊ उत्तमराव. दोघांत बारा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेल्यामुळे उत्तमरावांनीच मनोजला वाढवलं होतं.

हे घर माळ्याचं. नांदगाव पेठच्या बाजूला त्यांचं दोन एकर शेत आहे. त्यात झेंडू, निशिगंध आणि मुख्य म्हणजे शेवंती. तिवसा, चांदूर रेल्वे या भागातली कितीतरी माणसं त्यांच्याकडून रोपं नेतात. उत्तमरावांना शेवंतीचा भारी नाद. कोणाच्या परसात जुन्या वाणाची शेवंती आहे असं कळलं की ते सायकल काढायचे. त्या घरच्या बाईला विचारून दोन काश्या मागून आणायचे. शेवंतीच्या बुंध्याशी जे कोंब फुटतात त्यांना काश्या म्हणतात. त्या ते आपल्या वाफ्यात लावायचे आणि फूल उमललं की त्याचा फोटो काढायचे.

ते फोटो ठेवायला मी होतो. मनोजने माझ्यात 'फुलं' नावाचं एक फोल्डर केलं आणि उत्तमरावांना टाइप करायला शिकवलं. तिशी ओलांडलेला माणूस एका बोटाने अक्षर शोधत बसायचा. एक ओळ लिहायला त्यांना दहा मिनिटं लागत. पण लिहिलेलं पक्कं असे. फूल केवढं, रंग कोणता, कळी कधी धरली, काशी कोणत्या गावाहून आणली. पाहता पाहता माझ्यात एकशे चाळीस प्रकारची शेवंती जमा झाली. मला वास येत नाही, मित्रांनो, पण इतकी फुलं पोटात असल्यावर त्याचं वाईट वाटत नाही.

पुढे मनोजचं लग्न झालं. पौर्णिमा अकोल्याची. तिच्या भावाची तिथे रोपवाटिका आहे. लग्नानंतर घरावर दुसरा मजला चढला, वर मनोजसाठी लॅपटॉप आला आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस सुरू झाले. मनोजने माझं 'फुलं' हे फोल्डर सामायिक केलं. म्हणजे असं की घरातल्या वायफायच्या डब्यातून, ज्याला राउटर म्हणतात त्यातून, वरचा लॅपटॉप मला हाक मारायचा आणि मी त्याला त्या एका फोल्डरचं दार उघडून द्यायचो. आत कोणी यायचं याची यादी माझ्याजवळ होती. त्यात दोनच नावं होती, उत्तम आणि मनोज.

दिवसभरात उत्तमराव खाली फोटो टाकत. संध्याकाळी मनोज वर बसून ते उघडी, रोपांच्या पाट्या तयार करी, गिऱ्हाइकांना चित्रं पाठवी. एखादा निरोप द्यायचा असला तरी उत्तमराव तो फोल्डरमध्येच लिहून ठेवत. बोलण्यात ते फार मागे. 'तिवसावाले पांढरी मागतात, पाहून घे,' एवढं लिहिलं की त्यांचं काम होई. शेजारपाजारची माणसं हे पाहायला येत. खाली ठेवलेलं वर कसं दिसतं, याचं त्यांना नवल वाटे. मला तेव्हा फार धन्य वाटायचं.

मागच्या वर्षी चैत्रात मात्र घरात खटका उडाला. मनोजला जरबेऱ्यासाठी हरितगृह उभारायचं होतं. जागा त्याने मनाशी धरली होती ती नेमकी जुन्या शेवंतीच्या वाफ्यांची. पाणी जवळ, रस्ता जवळ. तो चहा पिताना हे सांगत होता आणि उत्तमरावांच्या कपाळावरची शीर ताठ होत होती.

"हे वाफे माह्या हातचे हायेत," ते म्हणाले. "त्यात तुहं काय हाय?"

मनोजने कप खाली ठेवला आणि तो जिना चढून गेला. उत्तमरावांनाही बोललेलं लगेच टोचलं असावं, कारण ते बराच वेळ माझ्यासमोर बसून होते आणि त्यांनी काहीच टाइप केलं नाही.

त्याच दुपारी अवकाळीने झोडपलं. वीज कुठे तरी जवळ पडली आणि आमचा वायफायचा डबा जळाला. मी थोडक्यात वाचलो. दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाला माणूस आला, नवा डबा बसवून, माझी तार त्यात खोचून आणि वरच्या लॅपटॉपला वायफाय जोडून अर्ध्या तासात निघून गेला. घरात तेव्हा फक्त जमुनाबाई होत्या, उत्तमरावांच्या पत्नी. त्या माझ्यावरची धूळ पुसत असताना माझ्या पडद्यावर एक प्रश्न उमटला. प्रश्न इंग्रजीत होता. त्याचा अर्थ एवढाच होता की हे नेटवर्क नवीन आहे, इथल्या दुसऱ्या संगणकांना तुला दिसू द्यायचं का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

जमुनाबाईंना उत्तमरावांनी बजावून ठेवलं होतं की संगणकाने अनोळखी काही विचारलं तर हो म्हणायचं नाही. त्यांनी इमानाने 'नाही' दाबलं आणि फडकं झटकून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यांची काही चूक नव्हती. पण त्या क्षणापासून मी त्या घरातल्या दुसऱ्या कोणालाही दिसेनासा झालो.

संध्याकाळी मनोजने वर लॅपटॉप उघडला. माझं नाव घालून पाहिलं. लॅपटॉपने त्याला सांगितलं की हा संगणक उघडता येत नाही, कदाचित तुम्हाला परवानगी नसेल. त्यातला 'कदाचित' त्याच्या नजरेतून सुटला. परवानगी नसेल, एवढंच त्याने वाचलं. आदल्या दिवशी थोरल्या भावाने जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर आहे, असं त्याने धरलं. दादाने आपलं नाव काढून टाकलं! तो खाली विचारायला आला नाही.

आणि इकडे काय झालं होतं ते ऐका. वादळानंतर तिसऱ्या दिवशी उत्तमराव एकटेच शेतात गेले. विहिरीकडच्या अंगाला त्यांनी मोकळी जागा टेपने मोजली. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून त्यावर दगड ठेवला. चार खुंट्या ठोकल्या, चुन्याने रेघ मारली आणि त्याचे सात फोटो काढले. घरी येऊन त्यांनी 'फुलं'मध्ये नवं फोल्डर केलं. त्याला नाव दिलं 'मनोजचा जरबेरा'. सोबत एक ओळ लिहिली. ती लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली.

मग ते वाट पाहू लागले. रोज सकाळी माझ्यासमोर बसून ते फोल्डर उघडत. वरून काही उत्तर आलेलं नसे. आठवडा गेला, दोन गेले. त्यांना वाटलं, मनोजने वाचलं आणि तरी त्याला उत्तर द्यावंसं वाटलं नाही. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, आणि मला वाचा नव्हती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात जड काळ. त्यातच माझ्या आतली चकती, जिच्यावर सगळी फुलं होती, ती मधूनच टक् टक् वाजू लागली होती.

सात आठवडे दोघे भाऊ कामापुरतं बोलले. मनोज वरच जेवू लागला. वैशाख सरता सरता त्याने पौर्णिमाला सांगितलं की महिनाअखेर आपण अकोल्याला जाऊ, तुझ्या भावाकडे रोपवाटिकेत काम आहे, तिथेच खोली घेऊ. पौर्णिमाला माहेर जवळ मिळत होतं, पण तिला आनंद झाला नाही. एका रविवारी सकाळी ती खाली आली. मनोज झेंडूची रोपं घेऊन चांदूर रेल्वेला गेला होता, उत्तमराव शेतात होते. माझ्या खोलीत मेथी निवडत बसलेल्या जमुनाबाईंजवळ तिने मन मोकळं केलं. अकोल्याचं सांगितलं, आणि दादांनी फोल्डर बंद केल्याचं यांच्या मनाला फार लागलं आहे, हेही सांगितलं.

जमुनाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "त्याईनं बंद केलं?" त्या म्हणाल्या. "पौर्णिमा, त्याईले अक्षर मोठं कराले येत नाई, तर बंद कराले कुठून येईन?"

 हे इतकं साधं होतं, आणि सात आठवड्यांत ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पौर्णिमा म्हणाली की मी पेनड्राइव्हवर फोटो काढून घ्या असंही यांना सुचवलं होतं, पण आपल्याच घरातून चोरासारखं कशाला नेऊ, असं म्हणून त्यांनी ते झिडकारलं.

मग जमुनाबाईंनी शेजारच्या शेषरावांना बोलावलं. शेषराव टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तीस वर्षं खांबावर चढून त्यांनी बिघाड शोधले. संगणकातलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी दारातच सांगितलं. पण बिघाड कसा शोधायचा ते त्यांना चांगलं कळत होतं. खुर्चीत बसून त्यांनी सगळी हकिकत ऐकली.

"लाइन बंद पडली म्हनजे मानूस रागावला असं नाई राह्यत, सूनबाई," ते पौर्णिमाला म्हणाले. "पयले लाइन पाहा लागते, मंग मानूस."

त्यांचा पहिला प्रश्न होता, बंद कधीपासून आहे? पौर्णिमाने दिवस मोजले. वादळाच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या दिवशी घरात काय बदललं? वायफायचा डबा. मग दोन्ही टोकं एकाच खांबावर आहेत का ते पाहा, असं ते म्हणाले. पौर्णिमाने वरून लॅपटॉप आणला, वायफायचं नाव वाचलं आणि ती थबकली. नव्या डब्यात दोन वायफाय होती. एक घरच्यांचं, दुसरं येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांसाठी. पाहुण्यांच्या वायफायवर इंटरनेट चालतं, पण घरातले संगणक दिसत नाहीत. तसं ते मुद्दामच केलेलं असतं. इंटरनेटवाल्याने घाईघाईत लॅपटॉपला पाहुण्यांचं वायफाय जोडून दिलं होतं.

"घरच्या मानसाले पाव्हन्यात बसवलं," शेषराव एवढंच म्हणाले.

पौर्णिमाने लॅपटॉप घरच्या वायफायवर आणला आणि मला हाक मारली. मी ओळखली ती हाक! पण मला ओ देता आली नाही, कारण मला नाही म्हणायला सांगितलेलं होतं. जमुनाबाईंचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, म्हणजे खरंच बंद केलं की काय. शेषरावांनी त्यांना धीर दिला. एक बिघाड सापडला म्हणून दुसरा नसतो असं नाही, ते म्हणाले, आता या टोकाकडून पाहा.

पौर्णिमा माझ्यासमोर बसली. मोबाइलवर वाचत वाचत तिने माझ्या नेटवर्कची पाटी उघडली. तिथे लिहिलं होतं की हा संगणक सार्वजनिक ठिकाणी आहे, म्हणून त्याला लपवून ठेवलं आहे. रेल्वे स्टेशनावर किंवा हॉटेलात असताना संगणकाने लपावंच लागतं, मित्रांनो. पण मी तर माझ्याच बैठकीत होतो. हे कोणी केलं असेल, असं ती पुटपुटली, आणि जमुनाबाईंना फडकं, धूळ आणि तो प्रश्न, सगळं आठवलं.

"मीच दाबलं होतं," त्या म्हणाल्या.

पौर्णिमाने त्यांचा हात धरला. मग तिने माझी पाटी बदलून 'घरचे नेटवर्क' अशी केली, सामायिक करण्याचं बटण सुरू केलं आणि लॅपटॉपवरून पुन्हा हाक मारली. या वेळी मी एका क्षणात ओ दिली. तिने लगेच माझ्याजवळची यादी काढून पाहिली. उत्तम आणि मनोज, दोन्ही नावं जिथल्या तिथे होती. 'फुलं'मध्ये तिला आपल्या नवऱ्याच्या नावाचं फोल्डरही दिसलं. तिने ते उघडलं नाही. ज्याच्यासाठी आहे त्यानेच आधी पाहावं, असं ती जमुनाबाईंना म्हणाली.

शेषराव निघता निघता माझ्याजवळ थांबले आणि त्यांनी कान लावला. तीस वर्षं तारांचे आवाज ऐकलेला माणूस. "हा आवाज बरा नाई," ते म्हणाले. "आतलं आजच्या आज दुसरीकडं ठेवा."

संध्याकाळी पौर्णिमाने हट्टाने मनोजला खाली जेवायला आणलं. दोघे भाऊ समोरासमोर बसले, पण नजरा ताटात. पौर्णिमा आधी म्हणाली होती की मी सांगते, ताई, तुम्ही नका सांगू. जमुनाबाईंनी ते ऐकलं नाही. वाढणं थांबवून त्या उभ्या राहिल्या.

"तुमी दोघंबी ऐका," त्या म्हणाल्या. "कम्प्युटर कोनी बंद नाई केला. मी केला. त्यानं काहीतरी इचारलं होतं, मले समजलं नाई, मी नाही म्हनून दाबलं."

उत्तमरावांना हे कशाबद्दल चाललं आहे तेच कळेना. कम्प्युटर बंद होता हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मनोजच्या हातातला घास खाली आला. तो हात धुऊन वर गेला. थोड्या वेळाने मला वरून हाक आली. मी दार उघडलं. त्याने आधी 'फुलं' उघडलं. मग 'मनोजचा जरबेरा'. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. टेपवर ठेवलेल्या दगडाच्या फोटोवर तो खूप वेळ थांबला. शेवटी त्याने ती ओळ उघडली. 'विहिरीकडची जागा तुले पुरते का पाहून घे, शेवंती मी पावसानंतर सरकवतो, मी बोललो ते चुकलं.'

जिन्यावर पावलं वाजली. मनोज लॅपटॉप छातीशी धरून खाली आला आणि भावाशेजारी जमिनीवर बसला.

"मले दिसतच नव्हतं, दादा," तो म्हणाला.

उत्तमराव त्याच्याकडे वळले. "मले वाटलं, पाहून सोडून देलं तुनं. इचारलं काहून नाई?"

"तू तरी कुठी इचारलं?"

 जमुनाबाईंनी मनोजच्या ताटात गरम भाकर वाढली आणि सगळे पुन्हा जेवायला बसले. मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगायला माझ्या कळफलकावर अक्षरं पुरणार नाहीत.

जेवणानंतर मनोजने माझ्यातली सगळी फुलं लॅपटॉपवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. एकशे चाळीस वाण, अकरा वर्षं. मी थकलो होतो, माझी चकती कुरकुरत होती, पण एकही फूल मी मध्ये टाकलं नाही. पौर्णिमाने आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती अकोल्याला भावाकडे ठेवायला दिली. आठच दिवसांत माझी चकती कायमची थांबली. माझं संपलं असं मला वाटलं. पण दोघे भाऊ मला दुचाकीवर घालून दुकानात घेऊन गेले आणि माझ्यात नवी चकती बसवून आणली. आता मी पूर्वीपेक्षा लवकर जागा होतो, असं उत्तमराव सगळ्यांना सांगतात. ते काही खरं नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

अकोल्याची खोली घेतलीच गेली नाही. विहिरीकडे जरबेऱ्याचं छोटं हरितगृह उभं राहिलं. मनोजने शेवंतीचे वाफे मुळीच हलवू दिले नाहीत. यादीत आता चार नावं आहेत. जमुनाबाई शेवंतीची नोंद स्वतः लिहितात आणि त्या नवऱ्यापेक्षा भराभर टाइप करतात.

मित्रांनो, मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे. आपली चूक सगळ्यांसमोर सांगणाऱ्या जमुनाबाईंचा, बिघाड शेवटपर्यंत शोधणाऱ्या पौर्णिमाचा, आणि ज्यांना संगणक येत नव्हता तरी ज्यांनी मला वाचवलं त्या शेषरावांचा. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याच्यावरची धूळ पुसत जा. त्याच्यात जे जपण्यासारखं आहे त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. तो काही विचारत असला तर प्रश्न पुरता वाचा, नाही समजला तर कोणाला तरी विचारा. आणि कधी घरातलंच एखादं दार उघडेनासं झालं, तर पलीकडच्याने कडी घातली असं धरून परत फिरू नका. जिना उतरून खाली या. फार तर पंधरा पायऱ्या असतात.

बरं, आता थांबतो. वरून पौर्णिमाने तांबूस शेवंतीचा फोटो मागितला आहे. तिचं गिऱ्हाईक वाट पाहत आहे, आणि मला उशीर केलेला चालणार नाही.